तेर्विक येईपर्यंत

मिरलानच्या हातात कुणी नवा लॅपटॉप दिला की तो आधी उलटा करायचा. पाठीवरचा बारीक अक्षरातला क्रमांक वाचायचा, जिभेने ‘चक्’ करायचा आणि परत देताना म्हणायचा, “बरा आहे. गेल्या वर्षीचा आहे. जरा थांबला असतास तर चांगला मिळाला असता.”

बिश्केकमधल्या त्या नकाशे काढणाऱ्या कचेरीत हे ऐकून घेतलं नाही असं कुणी उरलं नव्हतं. मिरलान रोज सकाळी चहाबरोबर कुठल्या कंपनीची कुठली नवी चिप कधी येणार ते वाचायचा आणि दुपारपर्यंत सगळ्यांना सांगून व्हायचं. त्याचा स्वतःचा लॅपटॉप कॉलेजात असताना घेतलेला. बटणांवरची अक्षरं पुसलेली, बिजागरी तुटलेली, त्यामुळे पडद्याला मागून जॅमच्या बरणीचा टेकू. मोठा नकाशा उघडला की पंखा असा घरघरायचा की शेजारचे लोक फोन घेऊन बाहेर जायचे. नवा घ्यायला त्याला काही अडचण नव्हती. पण दरवेळी पुढचा याहून चांगला येणार असायचा. आणि बहुतेक वेळा तो खरोखर यायचा. लोकांना खुपायचं ते हेच, की माणूस खोटं बोलत नव्हता.

त्याच कचेरीत एल्नुरा नावाची मुलगी होती. आयुष्यात पहिल्यांदा तिने स्वतःच्या कमाईतून लॅपटॉप घेतला आणि झाकणावरचं प्लास्टिकही न काढता सगळ्यांना दाखवायला आणला. मिरलानने तो उलटा केला. चहाला जमलेल्या सगळ्यांसमोर म्हणाला, “दुकानदाराने तुझा चेहरा बघूनच हा फडताळातून काढला असणार. याला आता कुणी हात लावत नाही.” एल्नुरा हसली, मग स्वच्छतागृहात जाऊन रडली.

शेजारच्या टेबलावर रिसबेक बसायचा. अंगाने दांडगा, नकला करण्यात पटाईत, लग्नसमारंभात लोक हौसेने त्याच्याच टेबलावर बसायचे. त्याला एल्नुराची दया आली असं नव्हे. त्याला खेळ सापडला. तिला म्हणाला, “याला एकदा असं थांबवू की थांबणंच विसरेल.”

त्याने ‘तेर्विक’ नावाची कंपनी जन्माला घातली. इंटरनेटवर तिचं एक पान केलं, पानावर राखाडी रंगाच्या लॅपटॉपचं चित्र टाकलं. वजन पावाच्या लादीएवढं, एकदा चार्ज केला की आठवडाभर चालणार, पंखाच नाही. मग तो स्वतःच चीनमधल्या शेनजेनच्या कारखान्यात कामाला असलेला कुणी लिन साहेब झाला आणि मिरलानला मोडक्यातोडक्या रशियनमध्ये लिहू लागला. ‘तुम्ही जाणकार दिसता, म्हणून सांगतो, बाहेर बोलू नका.’ मिरलानला दुसऱ्या कशाची भूक नव्हतीच. जाणकार म्हणणारा माणूस भेटला, आणि तो गळाला लागला. रिसबेक तीन हात अंतरावर बसून टाइप करायचा, आणि इकडे मिरलानचा चेहरा उजळलेला दिसायचा. एल्नुरा तोंडात रुमाल कोंबून हसायची.

मिरलान घरी आई आणि धाकट्या बहिणीबरोबर राहायचा. बहीण बेगिमाय त्याच्याहून बरीच लहान. वडील गेले तेव्हा ती शाळेतही जात नव्हती. तिला अक्षरं मिरलानने शिकवली, सायकल त्याने शिकवली, शाळेत पालक म्हणून तोच गेला. फ्रिज कुठला घ्यायचा, फोन कुठला घ्यायचा, दात दुखला तर कुणाकडे जायचं, हे घरात त्यालाच विचारलं जायचं. बाइके म्हणाले म्हणजे झालं, असं ती मैत्रिणींना सांगायची. बाइके म्हणजे थोरला भाऊ.

बेगिमाय एका तळघरातल्या शिवणकारखान्यात कापडाच्या कडा शिवायच्या ओव्हरलॉक मशीनवर बसायची. रशियात जाणारे बायकांचे झगे आणि जाकिटं. खिडक्या छताला लागून, त्याही थंडीत बंद. कापडाची लव हवेत इतकी असायची की संध्याकाळपर्यंत मुलींच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. दुसऱ्या हिवाळ्यात तिला खोकला लागला. बाहेर कोळशाचा धूर, आत लव. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावून ऐकलं आणि सांगितलं, की पोरी, औषध देते, पण हे काम सोडशील तर औषध लागू पडेल.

काम सोडायला तिच्याजवळ वाटही होती. कारखान्याची मालकीण गुलजात-एजे, म्हणजे गुलजातताई, हिच्या कॉम्प्युटरवर जेवणाच्या सुट्टीत बसून बेगिमाय कपडे बेतायला शिकली होती. एकच जाकीट सगळ्या मापांत कसं उतरवायचं, बाही जोडायचा मुंढा किती खोल घ्यायचा, कापड वाया न जाता तुकडे कसे मांडायचे. हात चांगला होता तिचा. गुलजात-एजेने तिला बोलावून सांगितलं, “मशीनवर बसणाऱ्या पोरी मला रस्त्यावर मिळतात. बेतणारी मिळत नाही. स्वतःचा लॅपटॉप घे, घरी बसून काम कर. मला वसंतात माणूस लागेल, तोवर वाट बघते.”

बेगिमाय धावतच घरी आली. लॅपटॉपपुरते पैसे तिच्याजवळ होते. दुसऱ्याच दिवशी दुकानात जायची तिची तयारी होती. तिने भावाला विचारलं, कुठला घेऊ.

मिरलानने दार लावून घेतलं आणि तिला तेर्विकचं गुपित सांगितलं. जगात आपल्याला आणि लिन साहेबाला सोडून हे फार कुणाला माहीत नाही, म्हणाला. कागदावर चित्र काढून दाखवलं. “आत्ता घेशील तो लाकडाचा ठोकळा घेशील. वसंतात हा येतोय. बेतायच्या कामाला याच्यासारखा दुसरा नाही. माझ्यावर विश्वास आहे ना?”

ती म्हणाली, “आहे, बाइके.”

तिला बरंच वाटलं. इतक्या वर्षांत भाऊ तिच्याशी असा बरोबरीच्या माणसासारखा बोलला नव्हता. त्या हिवाळ्यात दोघं जेवण झाल्यावर शेजारी बसून तेर्विकबद्दल बोलायची, आणि आई त्यांच्या मधे बोरसोकची, तळलेल्या पिठाच्या तुकड्यांची, थाळी ठेवून जायची. मिरलानने लिनला लिहिलं, की पहिला नग माझ्यासाठी नको, माझ्या बहिणीसाठी ठेवा. ती शिवणकाम करते, तिची तब्येत बरी नाही, मी तिला थांबवून ठेवलंय.

हे रिसबेकने वाचलं. एल्नुरालाही दाखवलं. ती म्हणाली, आता पुरे कर, यात त्या मुलीचं काय?

“अगं, थांबेल की ती,” रिसबेक म्हणाला. “मशीनवर बसून खाते, उपाशी नाही मरत. आत्ता सोडलं तर मजा काय राहिली?”

एल्नुरा आपल्या टेबलाकडे वळली. आपला लॅपटॉप उलटा केलेला तिला अजून दुखत होता.

नोरूझचा सण झाला, चिनारांना पालवी फुटली, आणि लिन साहेबाने कळवलं की कारखान्यात अडचण आली आहे, थोडा उशीर. बेगिमायने गुलजात-एजेकडे आणखी थोडी मुदत मागितली. एजेने तोंड वाकडं केलं, पण दिली. मग लिनचं पत्र आलं, की तुमच्या वाढदिवसाला नमुन्याचा एक नग हातोहात पोचेल.

वाढदिवसाला मिरलान इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून कचेरीत गेला. दुपारी सगळे जमले. केक होता, सामसे होते, संचालकही आपल्या खोलीतून बाहेर आले होते. रिसबेकने फीत बांधलेलं खोकं आणलं. “लिन साहेबाने पाठवलंय,” म्हणाला. लिनचं नाव याला कसं माहीत, हेही मिरलानच्या डोक्यात आलं नाही. त्याने फीत सोडली.

आत कांदे चिरायची लाकडी फळी होती. तिच्यावर शाईने बटणं काढलेली, आणि वर तापल्या खिळ्याने डागून लिहिलेलं: तेर्विक.

रिसबेकने लिनच्या रशियनमध्ये सुरू केलं, “आदरणीय मिरलान, बॅटरी कधी उतरत नाही. पंखा अजिबात वाजत नाही.” लोक टेबलं बडवून हसले. संचालकांनी चष्मा काढून डोळे पुसले. मिरलानने सवयीने फळी उलटी केली. मागे चिठ्ठी चिकटवली होती: गेल्या वर्षीचा आहे.

मग जो हशा झाला तो जिन्यापर्यंत ऐकू गेला. मिरलानही हसला. सुरी मागितली, फळी टेबलावर नीट ठेवली, केक तिच्यावर ठेवून कापला आणि प्रत्येकाला तुकडा दिला. रिसबेकला क्रीमचं फूल असलेला तुकडा दिला. मग जागेवर जाऊन काम करत बसला. एल्नुराने आपला तुकडा तसाच टेबलावर ठेवला.

तो घरी आला तेव्हा अजून उजेड होता. बेगिमाय दारातच उभी होती. आईने भावाच्या वाढदिवसासाठी नूडल्स केले होते, पण बेगिमायच्या डोक्यात दुसरंच होतं. गुलजात-एजेने आज शेवटचं विचारलं होतं. हा महिना संपेपर्यंत लॅपटॉप आणला नाहीस तर काम दुसरीला. बेगिमायला बोलता बोलता खोकला आला, भिंतीला हात टेकून तिने तो संपू दिला. मग विचारलं, “नमुना आला का, बाइके? नसेल आला तर आत्ता कुठलाही घेऊन टाकू? नंतर बदलता येईल.”

त्या क्षणी त्याने ‘घेऊन टाक’ एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. फळीचं सांगायचीही गरज नव्हती. पण ती विचारणार, मग तेर्विकचं काय? आणि ही एकच व्यक्ती उरली होती जिच्यासमोर तो अजून जाणकार होता.

“आला होता,” तो बूट काढत म्हणाला. “हातात घेऊन बघितला. काय वस्तू आहे. शरद ऋतूत बाजारात येतोय. इतकं थांबलीस, आता कचरा घेऊ नकोस.”

“पण एजे—”

“एजेला काय कळतं? तुझ्यासारखी बेतणारी तिला मिळणार आहे का? येईल पाय धरत.”

ती थांबली.

महिना संपला आणि गुलजात-एजेने आयदाय नावाच्या मुलीला ठेवलं. आयदायजवळ पडद्याला तडा गेलेला जुनाट लॅपटॉप होता आणि बाही धड बेतता येत नव्हती. पण लॅपटॉप होता. उन्हाळाभर बेगिमाय ओव्हरलॉकवर बसून आयदायने बेतलेल्या बाह्या जोडत राहिली. बाही मोठी, मुंढा लहान, कापडाला चुण्या पडायच्या. माल परत आला की बोलणी शिवणारीला बसायची. एकदा तिने आयदायला चूक दाखवायचा प्रयत्न केला. आयदाय म्हणाली, “इतकं येतं तर बेतायला का नाही बसलीस?” मुली हसल्या. बेगिमायही हसली, मग खोकत बाहेर गेली. श्रावणासारखी ओल तिकडे नसतेच, त्या कोरड्या गरम हवेत तिचा श्वास शिट्टीसारखा वाजायचा. डॉक्टरीणबाईंनी तोंडात मारायचा पंप दिला आणि या खेपेला रागावल्या, की मी मागे काय सांगितलं होतं?

मिरलानला ती शिट्टी भिंतीपलीकडून ऐकू यायची. तो सकाळी लवकर निघायला लागला. तेर्विकचा विषय त्याने आपण होऊन काढला नाही, पण तिने काढला की नवीन काहीतरी सांगायचा. रंग आता गडद निळा केलाय. काच आणखी पातळ केलीय. लिन नव्हता, तर तो आता स्वतःच लिन झाला होता.

पानगळीत एल्नुरा थंडीचा कोट शिवून घ्यायला त्या तळघरात आली. माप घेणारी आजारी होती म्हणून बेगिमायने माप घेतलं. टेप धरताना तिला धाप लागली, एल्नुराने विचारलं, तू असलं काम का करतेस? बेगिमाय म्हणाली, आता थोडेच दिवस. माझा भाऊ कॉम्प्युटरमधला जाणकार आहे, त्याने माझ्यासाठी एक नवा लॅपटॉप सांगून ठेवलाय. तेर्विक. तुम्ही ऐकलं नसेल, अजून बाहेर कुणाला माहीत नाही.

एल्नुरा स्टुलावर बसली. “तू मिरलानची बहीण?” मग तिने सगळं सांगितलं. पान, लिन साहेब, फळी, केक. काही लपवलं नाही, स्वतःचं हसणंही नाही. शेवटी तिचे हात धरून माफी मागू लागली. बेगिमायने फक्त एवढंच विचारलं, “ही फळी त्याला कधी दिली?”

“वाढदिवसाला.”

बेगिमायने हात सोडवून घेतले आणि कोटाची लांबी कुठवर हवी ते विचारलं.

त्या रविवारी दुपारी नारिनहून त्यांचे काका आले, तुरात-आबाके, वडिलांचे थोरले भाऊ. सोबत काकू आणि दोन शेजारी. सतरंजीवर दस्तरखान, जेवणाचं कापड, पसरला, कुउर्दाक म्हणजे परतलेलं मांस होतं, मलई होती, जर्दाळूचा मुरंबा होता. बेगिमाय चहा ओतायला बसली. बोलता बोलता आबाके म्हणाले, की धाकट्याला शाळेसाठी लॅपटॉप हवाय, मिरलान, तुझ्या सल्ल्याशिवाय घेणार नाही बाबा.

मिरलानने तोंड उघडण्याआधीच बेगिमाय म्हणाली, “बाइके, आबाकेंना तेर्विकबद्दल सांगा ना.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती वाटीत चहा ओतत होती. तो म्हणाला, सोड, ते नंतर. पण आबाकेंनी आग्रह धरला, शेजारीही पुढे सरकले. मग त्याने सांगायला सुरुवात केली. हळूहळू आवाजात जोर आला. ती मधेमधे विचारत राहिली, वजन किती म्हणालात? पावाएवढं. आणि पंखा? पंखाच नाही. तुम्ही हातात घेऊन बघितला ना? बघितला.

“आणि लाकूड कुठलं वापरलंय?” ती म्हणाली. “आक्रोड की चिनार?”

मिरलानच्या हातातला घास तिथेच राहिला.

“लॅपटॉपला लाकूड?” आबाके हसले. “काय गं हे?”

तिने सांगितलं. आवाज चढवला नाही. एल्नुराने जसं सांगितलं होतं तसंच, क्रमाने, केकसकट. मग म्हणाली, “आबाके, लोकांनी फसवलं त्याचा मला राग नाही. त्या दिवशी हे घरी आले, मी दारात उभी होते, आणि यांनी मला सांगितलं थांब.” पुढे तिला बोलता येईना. पंप काढून तिने तोंडात मारला.

मिरलानने घास थाळीत ठेवला. मग म्हणाला, “तुझे पैसे, तुझे पाय. दुकान इथून चार पावलांवर. मी काय तुला बांधून ठेवलं होतं?”

काकूंनी मुरंब्याची वाटी उगाच इकडची तिकडे ठेवली. मग आबाके खाकरले. “पोरी, घरातलं माणूस बाहेर फसलं तर आपण त्याच्यावर पांघरूण घालतो. पाहुण्यांसमोर ओढून काढत नाही. बापाच्या जागी आहे तो तुला.”

बेगिमायने आईकडे पाहिलं. आईने मान खाली घातली होती. म्हणाली, “भावाला चहा दे. माफी माग.”

बेगिमायने वाटी भरली, उजवा हात पुढे करून, डावा कोपराला लावून, रीतीप्रमाणे दिली. “माफ करा, बाइके.” त्याने वाटी घेतली आणि प्यायला.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली, समोर जो होता तो लॅपटॉप घेतला आणि घरी न आणता कारखान्याशेजारच्या गल्लीत सायरागुल नावाच्या विधवा शिवणकरणीच्या खोलीवर नेला. आठवड्याभरात कपडेही नेले. मिरलानने एकदाही थांब म्हटलं नाही. गुलजात-एजेने तिला मुलांच्या कपड्यांचं किरकोळ काम दिलं. मोठं काम आयदायकडेच राहिलं, कारण आता सगळ्या ऑर्डरी तिच्या नावावर येत होत्या. मात्र तिच्या बिघडलेल्या बाह्या दुरुस्तीला बेगिमायकडे यायच्या, आणि दुरुस्त होऊन आयदायच्या नावाने जायच्या. खोकला कमी झाला, गेला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जे आत गेलं ते आता बाहेर यायचं नाही, पंप जवळ ठेव.

रिसबेक ही गोष्ट अजून प्रत्येक लग्नात सांगतो. त्याच्या गोष्टीत बहीण नसते.

पुढच्या वसंतात आई भेटायला आली. रुमालात बोरसोक बांधून आणले होते. खोली बघितली, पडदा चांगला आहे म्हणाली, आणि मग मिरलानचा निरोप सांगितला. त्याने नवा लॅपटॉप घेतला होता. “तुझ्याच जातीचा,” आई म्हणाली. “दुकानदाराला विचारून तोच नंबर घेतला. त्याने मुद्दाम सांगायला सांगितलंय, त्याला निम्म्या किमतीत मिळाला. म्हणाला, तिला विचार, कोण शहाणं निघालं.” आई थोडं हसली, जणू पोरांचं जुनं भांडणच. “तसा वाईट नाही गं तो. तुझी आठवण काढतो, म्हणूनच ना निरोप पाठवला.”

बेगिमायने आईला विचारलं, तुम्ही जेवलात का, आपा? आईने नाही म्हणून मान हलवली. बेगिमायने सूप गरम केलं, भाकरी मोडून दिली. आई जेवत असताना बेगिमायला खोकल्याची उबळ आली. ती टेबलाच्या कडेला धरून खोकत राहिली, आणि तोवर आई खिडकीबाहेर बघत राहिली. उबळ थांबल्यावर आई म्हणाली, की मिनीबस चुकेल.

बेगिमाय तिला थांब्यापर्यंत सोडायला गेली, गर्दीत जागा मिळवून दिली, काचेतून हात हलवला. परत आली तेव्हा आयदायकडून जाकिटांची गाठोडी येऊन पडली होती. तिने लॅपटॉप उघडला आणि त्यांच्या बेतातला मुंढा खोल करायला घेतला.